विरघळणारा आधार

आकाशकंदील टांगताना मनुष्याने आकाशाकडे पाहावे की पायाखालच्या शिडीकडे, हा प्रश्न मला २०२३ च्या वसुबारसेपर्यंत कधी पडला नव्हता. त्या दिवशी पडलो तो मीच. थेट पायांवर उतरलो म्हणून आधी हसलो. पण उजवी टाच काही हसली नाही.

टाचेचे हाड पावलातले सर्वांत मोठे. वरून पातळ कवच, आत स्पंजासारखी जाळी. उंचावरून पडले, की वरचे घोट्याचे हाड त्यात पाचरीसारखे घुसते आणि टाच चेपलेल्या अंड्यासारखी होते. माझी तशीच झाली होती.

डॉक्टर म्हणाले, "टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू घालावे लागतील. विरघळणारे स्क्रूही असतात म्हणा."

त्या 'विरघळणारे' शब्दावर मी भाळलो. काम होईपर्यंत धरून ठेवायचे आणि मग निघून जायचे! शल्यवैद्यांना ही कल्पना तशी जुनीच. शरीरात जिरणाऱ्या, आतड्यापासून केलेल्या दोऱ्याने रोहिणी बांधण्याची रीत लिस्टरने १८६९ मध्ये मांडली होती. हे स्क्रू मात्र बहुधा दह्यातल्या आम्लाच्या लांब साखळ्या गुंफून करतात. अंगातल्या पाण्याने त्या हळूहळू तुटतात आणि शेवटी उरतो कर्बवायू नि पाणी.

"मग वाटीभर दहीच थापा की टाचेला!" इति सौभाग्यवती.

डॉक्टर हसले, पण मग गंभीर झाले. "धातू पुढे बुटात टोचला, तर काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागते, हे खरे. विरघळणाऱ्याला ती लागत नाही. पण त्याला धातूइतकी ताकद नसते; विरघळताना कधी सूजही येते. तुमच्या टाचेचे तुकडे फार झालेत, आणि सगळा भार तिच्यावरच यायचा."

माझ्या पोटाकडे पाहून मी मुकाट्याने धातूला होकार दिला.

दहा आठवडे पाऊल टेकायचे नव्हते. त्या दिवसांत हिचा खांदा हीच माझी कुबडी. न्हाणीघरापर्यंत जायचे, तरी "अगं, येतेस का?" अशी हाक. अकराव्या आठवड्यात पाऊल टेकले, तेव्हाही हात तिच्याच खांद्यावर होता.

पुढे मात्र ती लांब लांब उभी राहू लागली. आधी एक पाऊल, मग दोन. मग स्वयंपाकघराच्या दारात. एकदा तर हाक मारली, तरी आलीच नाही. मला राग आला. कंटाळली असेल, वाटले. त्याच रागाच्या भरात मी भिंत धरीत, मग न धरता, स्वयंपाकघरापर्यंत गेलो.

ती पाठमोरी उभी होती. गॅसवर फोडणी करपत होती आणि हातातला झारा तसाच अधांतरी थांबला होता. ती माझी पावले मोजीत होती.

"अहो, सतरा झाली," ती मागे न वळता म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. फोडणीचा धूर फार झाला होता, हे तिचे म्हणणे.

पट्टी अजून टाचेत आहे. थंडीत कुरकुरते; फार छळले तर काढू, असे डॉक्टर म्हणतात.

यंदाही शिडी मांडली. वर ती चढली. शिडी मी धरली.