समेच्या आधी उजळणारी चौकट

तिवसा तालुक्यातल्या मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. या भागात खंजिरी भजन कानावरच पडत पडत पाठ होतं. पेटी शिकणाऱ्या मुलाला मात्र स्वरलिपीचाही आधार लागतो. तिवस्यातल्या अशा मुलांसाठी मी भजनांची स्वरलिपी संगणकाच्या पडद्यावर मांडली. सूर वाजेल तशी पुढं सरकणारी खूण तिच्यावर बसवायची होती.

कल्पना जुनीच. अमेरिकेत मॅक्स फ्लायशर या व्यंगपटकाराच्या चित्रपटांत १९२०च्या दशकापासून गाण्याच्या शब्दांवर चेंडू उड्या मारायचा आणि प्रेक्षक त्याच्यासोबत गायचे. पाश्चात्त्य स्वरलिपीवर बहुधा उभी रेषा सरकते. पण तिथं चार मात्रांच्या स्वराला एका मात्रेच्या चौपट जागा नसते. त्यामुळं रेषा कधी धावते, कधी रेंगाळते.

भातखंडे स्वरलिपी पद्धतीनं हे काम सोपं केलं. प्रत्येक मात्रा वेगळी मांडलेली. एका मात्रेत अनेक स्वर आले की खाली कंस, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, ×, टाळी नसलेल्या ‘खाली’ला ०. सगळ्या मात्रांना सारख्या रुंदीची चौकट देता येते. म्हणून मी रेषा सोडली आणि अख्खी मात्रा उजळवली. कंसातून रेषा पळू लागली, की नजर तिच्याच मागं जाते आणि स्वर वाचायचे राहतात.

खरी परीक्षा ओळीच्या शेवटी. केरवा तालाच्या आठव्या मात्रेवरून खूण एकदम खालच्या ओळीच्या समेवर येते, आणि तेवढ्यात बोट चुकतं. त्यामुळं सातव्या मात्रेपासूनच पुढची सम फिकट रंगात दिसायला लागते. वाचणाऱ्याचे डोळे हातांच्या पुढं असतात. खुणेनं त्यांना वाट दाखवायला हवी.

भजनात लय चढत जाते, तिला ठरावीक गती चालत नाही. ध्वनिमुद्रण ऐकत दर मात्रेला कळ दाबून वेळा नोंदवल्या, तेव्हा खूण गाणाऱ्यासोबत चालू लागली. मिनिटाला १२० मात्रा असतील तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. त्यात बिनतारी स्पीकरचा आवाज थोडा उशिरा येतो आणि तेवढंही डोळ्यांना खटकतं. म्हणून खूण मागं-पुढं करायची सोय ठेवली.

प्रत्येक अंतऱ्यानंतर ध्रुवपद येतं. ते आता पडद्यावर वरच्या बाजूला कायम राहतं, फक्त खालचा अंतरा बदलतो. चाल पाठ झालेल्यांसाठी बाकीच्या मात्रांची खूण बंद करता येते. मग फक्त सम उजळते आणि पेटीवाल्याला समोरच्या खंजिरीवाल्याकडे पाहत वाजवता येतं.