गॅरेजच्या दाराची पाळी

सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुणे, नाशिक, सांगलीकडे ज्यांनी कर्ज काढून बंगला बांधला, त्यांतल्या अनेकांनी नकाशात हौसेने गॅरेज दाखवलं होतं. गाडी मात्र नव्हती. १९७२ साली आलेल्या चेतक स्कूटरचा नंबर लागायलाच वर्षानुवर्षं जात. मोटारीचं स्वप्न तर १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, तेव्हा कुठे घराघरांत शिरलं. तोवर गॅरेजात सायकली, गव्हाची कोठी, रॉकेलचे डबे आणि गणपतीचं मखर सुखाने नांदत.

घरातल्या खर्चांना क्रम असे. आधी मुलांच्या फिया, मग गच्चीची गळती, मग थोरलीचं लग्न. गॅरेजचं दार सगळ्यांच्या मागे. धाकट्याला थोरल्याची पँट मिळावी, तसं गॅरेजला कुणाचं तरी उतरलेलं दार मिळे.

दार जायचं ते खालून. पावसाचं पाणी उडून उडून फळ्यांचे तळ कुजत. त्यावर पत्र्याची पट्टी ठोकून दोन-चार पावसाळे निघत. शेवटी मांजर ये-जा करू लागलं की आई विचारी, "अहो, याला कुलूप तरी कशाला लावता?" मग वडील भाव काढायला निघत. नव्या सागाचा आकडा ऐकला की विषय बदलत. रोलिंग शटर दिसायला झोकदार. वर गुंडाळीत बसवलेली स्प्रिंग वजन तोलते, म्हणून ते एका हाताने उठतं. पण ती सैल पडली की दोघंजण लागतात, आणि दुपारच्या झोपेच्या वेळी तो खडखडाट कोण ऐकणार? अँगलच्या चौकटीवर पत्रा मारून घेणं स्वस्त, पण रेड ऑक्साइडचा हात चुकला की गंज पुन्हा खालूनच चढणार.

म्हणून बहुतेकांची पावलं वखारीकडे वळत. पाडलेल्या वाड्यांची दारं तिथे भिंतीला टेकून उभी असत. बिजागऱ्या आणि कडीकोयंडा पुणेकर बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात घासाघीस करून घेत. हातगाडीवरून दार घरी आलं की सगळी आळी मापं घ्यायला जमे, आणि ते चार बोटं आखूड निघे. तेवढं लाकूड सुतारकाका जोडून देत. त्यांचे दोन नियम ठरलेले. झडपेची तिरपी पट्टी खालच्या बिजागरीपासूनच वर चढली पाहिजे, म्हणजे भार बिजागरीकडे जातो आणि झडप लोंबत नाही. दुसरा, पावसाळ्यात दार अडकलं म्हणून लगेच रंधा मारायचा नाही. लाकूड ओल पिऊन रुंदीला फुगतं. आज तासलंत तर उन्हाळ्यात फटीतून रस्ता दिसेल.

ऑइलपेंट मुलांकडे असे. रंग कुठला, तर खिडक्यांचा उरलेला. तो पुरला नाही की आतली बाजू वेगळ्या रंगाची होई, आणि ती आतच असल्यामुळे कुणाची हरकत नसे.

पुढे वडील पाहुण्यांना दार किती स्वस्तात पडलं ते पैशासकट सांगत. त्या हिशोबात शेजाऱ्यांचे रविवार, आईची चहाची आधणं आणि रंगाने वाया गेलेले शाळेचे शर्ट कधी धरलेले नसत. धरले असते, तर नवं सागवानच परवडलं असतं.