लिलावाची वेळ आणि पान्ह्याची वेळ

बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या स्त्रीचे दूध काही आठवड्यांत कमी होऊ लागले म्हणजे 'दूध आटले' असे घरातील मंडळी म्हणतात, पुष्कळदा ती स्त्रीही तसेच मानू लागते, आणि मग त्याचे कारण तिच्या अशक्तपणात, खाण्यापिण्यात किंवा मनावरच्या ताणात शोधले जाते. स्तन्यनिर्मितीच्या शास्त्राने गेल्या काही दशकांत दिलेले उत्तर मात्र निराळे आहे. बहुतेक निरोगी मातांच्या बाबतीत दूध कमी होण्याचे मूळ स्तन रिकामे होण्याच्या दोन वेळांमधील लांबलेल्या अंतरात असते, आणि हे अंतर माता स्वतः क्वचितच ठरवते, ते तिचे काम ठरवते. हा प्रश्न तपासण्यासाठी मुंबईच्या दक्षिण टोकावरील कफ परेडचे मच्छीमार नगर हे योग्य ठिकाण आहे, कारण एका बाजूला बॅकबेचा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला जागतिक व्यापार केंद्रासारख्या उंच इमारती अशा या पट्ट्यात, जिच्यासाठी कायद्याने सुट्टी लिहून ठेवली आहे ती पगारदार माता आणि जिच्यासाठी काहीच लिहिलेले नाही ती मासळी विकणारी माता या दोघी एकाच रस्त्यावरून कामाला जातात.

प्रसूतीनंतर वार पडली की शरीरातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण झपाट्याने उतरते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भरपूर दूध येऊ लागते. या टप्प्यापर्यंत सूत्रे मुख्यतः रक्तातील संप्रेरकांच्या हाती असतात. पुढील आठवड्यांत ती हळूहळू स्तनातील स्थानिक नियंत्रणाकडे जातात, म्हणजे दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म कोशांत दूध साठून राहिले तर त्या साठ्याच्या दाबामुळे आणि दुधातीलच काही घटकांमुळे पुढील निर्मिती मंदावते, आणि साठा उपसला गेला की ती पुन्हा वेग घेते. हे नियंत्रण प्रत्येक स्तनात स्वतंत्रपणे चालते, म्हणूनच एकाच बाजूने पाजणाऱ्या मातेच्या दुसऱ्या बाजूचे दूध कमी होत जाते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे पीटर हार्टमन यांच्या संशोधनगटाने केलेल्या मोजमापांतून असे दिसले, की निरोगी बाळ एका वेळी स्तनातील सगळे दूध पीत नाही, सरासरीने दोन-तृतीयांशच घेते, आणि दोन पाजण्यांच्या मध्ये दूध साठवण्याची क्षमता स्त्रीगणिक कित्येक पटींनी बदलते. ही क्षमता स्तनाच्या बाह्य आकारावरून ओळखता येत नाही. जिची क्षमता मोठी ती पाच तासांचे अंतर सहज पेलते, तर जिची क्षमता लहान तिचे दूध तीन तासांनंतरच मंदावू लागते. दोघी दिवसभरात सारखेच दूध देऊ शकतात, पण त्यासाठी दुसरीला अधिक वेळा रिकामे व्हावे लागते. म्हणून एकीच्या वेळापत्रकाचे माप दुसरीला लावणे चुकीचे ठरते.

प्रमाणाविषयीही भीती बरीच आणि माहिती थोडी अशी स्थिती असते. केवळ अंगावर पिणारे बाळ पहिल्या महिन्यानंतर सहाव्या महिन्यापर्यंत दिवसाला सरासरी 750 ते 800 मिलिलिटर दूध पिते आणि या काळात वजन वाढले तरी हा आकडा फारसा बदलत नाही, म्हणजे हिशेब ताशी 30 ते 35 मिलिलिटरच्या आसपास बसतो. माता दहा तास बाहेर राहणार असेल तर मागे 300 ते 350 मिलिलिटर दूध पुरते, आणि कामावरही तेवढेच निघाले तरी गणित जुळते. फ्रीझर भरून दूध साठवणाऱ्या मातांची छायाचित्रे पाहून जी स्त्री आपल्या 100 मिलिलिटरकडे निराशेने पाहते, तिला हा साधा हिशेब कोणीतरी सांगायला हवा. शिवाय पंपात किती दूध आले यावरून स्तनात किती दूध आहे हे कळत नाही, कारण बाळाइतक्या कुशलतेने दूध काढणारे यंत्र अजून नाही.

आता मासळीच्या व्यवसायातील मातेचा दिवस पाहावा. अल्बर्ट ससून यांनी 1875 मध्ये बांधलेली कुलाब्याची ससून गोदी मच्छीमार नगरापासून जवळ आहे, आणि तिथे मासळी उतरते व लिलाव लागतो ते पहाटे, उजाडण्यापूर्वी. माल उचलायचा असेल तर विक्रेतीला त्या वेळी धक्क्यावर असावेच लागते, त्यानंतर बर्फ लावणे, बाजारातील जागेवर किंवा दारोदार पाटी घेऊन जाणे आणि दुपारपर्यंत माल संपवणे हा क्रम असतो. दुग्धनिर्मितीला चालना देणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळी रात्रीच्या झोपेत आणि पहाटे सर्वांत वर असते आणि बहुतेक मातांना सकाळी स्तन अधिक भरलेले जाणवतात. म्हणजे कार्यालयात जाणारी स्त्री ज्या वेळी बाळाला निवांत पाजू शकते, नेमकी तीच वेळ कोळणीची लिलावात जाते. दुधाविषयीच्या पुस्तकांतील 'सकाळी घरून निघण्यापूर्वी पाजावे' हा सल्ला तिच्याबाबतीत रात्री दोन-तीनच्या सुमाराला लागू होतो. निघण्यापूर्वी झोपेतल्या बाळाला छातीशी घेऊन पाजणे, भाव ठरून माल हाती आल्यावर आणि विक्रीला बसण्यापूर्वी एकदा दूध काढणे, सकाळी उशिरा पुन्हा एकदा काढणे आणि दुपारी घरी आल्याबरोबर पाजणे असा क्रम तिच्या कामात बसू शकतो. गोदीत कोळंबी सोलणाऱ्या स्त्रियांची अडचण याहून मोठी आहे, कारण सोललेल्या मालाच्या वजनावर मजुरी मिळत असल्याने उठून गेलेली प्रत्येक पंधरा मिनिटे त्यांच्या कमाईतून थेट वजा होतात.

दूध काढण्यासाठी हात पुरेसे असतात, हे पंपांच्या जाहिरातींच्या काळात ठासून सांगितले पाहिजे. अंगठा आणि दोन बोटे स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या किंचित मागे ठेवून आधी छातीच्या दिशेने आत दाबावे, मग बोटे त्वचेवर न घासता एकमेकींकडे आणावीत, ही क्रिया लयीत करावी आणि बोटांची जागा फिरवत राहावी; पहिली दोन-तीन मिनिटे केवळ थेंब येतात, पान्हा फुटल्यावर धार लागते. पान्हा म्हणजे ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे कोशांभोवतीचे बारीक स्नायू आकसून दूध पुढे ढकलले जाणे, आणि वेदना, घाई किंवा कोणी पाहील ही धास्ती या प्रतिसादाला अडवते. दूध तयार असूनही निघत नाही अशा वेळी दोष बहुधा जागेचा असतो: उघड्या धक्क्यावर, मालवाहू गाड्यांच्या आणि हमालांच्या गर्दीत पान्हा सहज फुटत नाही. बाळाचे कापड जवळ ठेवणे, पाठ टेकून बसणे, हलक्या हाताने चोळणे यांचा खरोखर उपयोग होतो. दुहेरी विजेरी पंपाने वेळ वाचतो, आणि पंप चालू असताना हाताने स्तन हलके दाबत राहिल्यास व शेवटी हातानेच थोडे दूध काढल्यास अधिक दूध मिळते, असे स्टॅनफर्ड येथील जेन मॉर्टन यांच्या अभ्यासातून पुढे आले. पंपाचा जोर वाढवला म्हणजे दूध वाढते ही समजूत मात्र चुकीची असून त्यामुळे स्तनाग्राला इजा होते. औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळणारा रबरी फुग्याचा पंप तर वापरूच नये, कारण त्या फुग्यात दूध शिरते आणि तो आतून नीट धुता येत नाही.

काढलेले दूध टिकवण्याच्या बाबतीत मासळीच्या धंद्यातील स्त्रीकडे कार्यालयातील स्त्रीला नसलेली एक सोय आहे, ती म्हणजे बर्फ. साधारण 25 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात ताजे दूध 4 तास सुरक्षित मानले जाते, पण मुंबईत वर्षाचे बहुतेक महिने दुपारचे तापमान याहून वर असते, म्हणून येथे घड्याळावर विसंबण्यापेक्षा दूध लगेच थंड करणे शहाणपणाचे ठरते. उकळत्या पाण्यातून काढलेल्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या छोट्या डब्यात दूध भरून तो डबा बर्फाच्या वेगळ्या पेटीत ठेवला तर दिवसभराची चिंता मिटते आणि घरी आल्यावर फ्रिजमध्ये ते 4 दिवसांपर्यंत चालते. ही पेटी मासळीची नसावी आणि तिच्यातील बर्फ मासळीला लावलेला नसावा, ही अट अजिबात शिथिल करता येणार नाही, कारण गोदीतील फोडलेला बर्फ जमिनीवर, टोपल्यांत आणि अनेकांच्या हातांत फिरलेला असतो. मासळी हाताळल्यानंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय डब्याला किंवा स्तनाला हात लावू नये. स्तन धुण्याची मात्र गरज नसते, रोजची आंघोळ पुरते.

घरी बाळाला हे दूध बहुधा आजी पाजते, आणि त्यासाठी जुन्या मराठी घरांतील बोंडले हे आजही उत्तम साधन आहे. बाटलीतून दूध सतत आणि कमी श्रमात मिळत असल्याने काही बाळे स्तनाशी कुरकुर करू लागतात, आणि बाटली स्वच्छ ठेवणेही कठीण असते. बोंडले किंवा वाटी-चमचा चटकन उकळता येतो. थंड दूध गरम पाण्यात डबा धरून कोमट करावे, ते विस्तवावर ठेवू नये. वर आलेली साय हलक्या हाताने मिसळून घ्यावी आणि बाळाने उष्टे केलेले दूध दोन तासांच्या आत संपवावे, नाहीतर टाकून द्यावे. माता परतण्याच्या तासभर आधी बाळाला पोटभर पाजू नये एवढे पथ्य आजीने पाळले तरी दूध टिकवण्याला मोठा हातभार लागतो, कारण भुकेले बाळ दारातच मातेला रिकामे करते.

आहाराचा विचार करताना हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी यांचा मान ठेवूनही हे सांगावे लागते, की स्तन रिकामे झाले नाहीत तर कोणताही पदार्थ किंवा औषध दूध वाढवत नाही. या पदार्थांतून मिळणारी ऊर्जा, लोह आणि मायेची विचारपूस यांचे मोल वेगळे आहे. किनाऱ्यावर बाळंतिणीला दुधासाठी मुशी खाऊ घालण्याची चाल आहे. मुशी ही शार्कच्या कुळातील, आणि इतर माशांना खाऊन जगणाऱ्या दीर्घायुषी माशांच्या मांसात पारा साचत जातो, म्हणून पाजणाऱ्या मातेने मोठे शार्क टाळावेत असा आरोग्यसंस्थांचा सल्ला आहे. बोंबील, मांदेली, तारली, करंदी ही त्याच पाटीतील लहान मासळी प्रथिनांत कमी नाही आणि पाऱ्याच्या दृष्टीने कितीतरी निर्धास्त आहे.

स्तनात दूध साठून गाठ झाली, लाली आली किंवा ताप भरला तर पूर्वी जोरात चोळून गाठ फोडण्याचा आणि कडक शेक देण्याचा सल्ला दिला जाई. 2022 पासून तज्ज्ञांची शिफारस याच्या उलट आहे. नेहमीप्रमाणे पाजत राहावे, दाबून-चोळून ऊतींना इजा करू नये, थंड पट्ट्या ठेवाव्यात आणि एका दिवसात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जावे.

कामावरील मातेच्या वेळेचा हक्क हा विषय मुंबईला नवा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1919 मध्येच कामाच्या तासांत दोनदा अर्धा-अर्धा तास पाजण्याची सुट्टी मान्य केली होती, पण परळ-लालबागच्या गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक माता त्या काळी बाळ झोपून राहावे म्हणून त्याला अफू असलेली बाळगोळी देत, हे सरकारी चौकशांत नोंदले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना हा भार मुख्यतः सरकारने उचलावा असे मत मांडले, आणि 1929 मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. पुढे 1961 च्या केंद्रीय कायद्याने बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन स्तनपान-सुट्ट्या दिल्या. 2017 च्या सुधारणेने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवडे केली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर व तिथे दिवसातून चार फेऱ्यांची मुभा ठेवली, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. या सर्व ओळींत मालक गृहीत धरलेला आहे. स्वतःच्या भांडवलावर लिलावात माल घेणारी स्त्री स्वतःच मालक असल्याने तिला सुट्टी देणारे कोणी नाही, आणि प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी मिळणारे 5000 रुपये सहा महिन्यांची विक्री भरून काढू शकत नाहीत.

रजा देता येत नसली तरी जागा देता येते. महाराष्ट्रात एसटी स्थानकांवर पाजण्यासाठी जे कक्ष झाले, त्यांना रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या हिरकणीचे नाव आहे, आणि ती गडावर दूध विकायला गेलेली कष्टकरी विक्रेती होती हे या संदर्भात महत्त्वाचे आहे. केवळ पाटी लावून कक्ष होत नाही: देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर 2022 च्या नागपूर अधिवेशनाला तान्ह्या बाळासह आल्या, आणि पुढे 2023 मध्ये त्यांनीच मुंबईच्या विधानभवनातील हिरकणी कक्षाच्या दुरवस्थेबद्दल जाहीर तक्रार केली. ससून गोदीसारख्या ठिकाणी कक्ष करायचा तर तो लिलावाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, पहाटे तीनपासून उघडा, आतून कडी लागणारा, वाहते पाणी, साबण, पाठ टेकता येईल अशी बैठक आणि स्वच्छ बर्फाची एक पेटी असलेला हवा. सकाळी दहाला कुलूप उघडणारी खोली तिथे निरुपयोगी आहे.

कमी झालेले दूध परत येते, ही या शास्त्रातील फार दिलासा देणारी गोष्ट आहे. मातेने काही दिवस बाळाला त्वचेशी त्वचा लावून जवळ ठेवले, रात्रीचे पाजणे सोडले नाही आणि दिवसातून आठ-दहा वेळा स्तन रिकामे केले, तर बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत प्रमाण सुधारू लागते. नोकरदार स्त्रीला हे शनिवार-रविवारी थोडे थोडे साधावे लागते. मच्छीमार नगरातील स्त्रीला मात्र समुद्र स्वतःच मुदत देतो, कारण 1 जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागली की होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात आणि गोदीतील आवक मंदावते. ज्या घरात त्या सुमारास तान्हे बाळ आहे तिथे बंदीचे पहिले पंधरा दिवस घरकाम, सुकी मासळी आणि जाळ्यांची डागडुजी इतरांनी अंगावर घ्यावी आणि मातेला बाळाजवळ राहू द्यावे.