पिंपरीची माती

आमचे अण्णा पेनिसिलिनच्या कंपनीत होते. कागदावर ती हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, सरकारने 1954 साली पिंपरीत काढलेली. पण आमच्या मोशीकडं सगळे एच. ए. म्हणायचे. अण्णा टाक्या धुण्याच्या कामावर. सायकलीवरून परतले की अंगाला आंबूस वास यायचा. आजी म्हणायची, "ताकाच्या डेऱ्यात पडला व्हतास का रं?"

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. धाकटा भाऊ दीड महिन्याचा होता. त्याच्या जिभेवर आणि गालांच्या आतून दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर धरला. पुसला तर खाली लालबुंद. पोर छातीला लागायचं, किंचाळायचं आणि सोडून द्यायचं. आजीनं टाकणखार मधात खलून लावला. (आज कुठलाही डॉक्टर तान्ह्या पोराला हे दोन्ही लावू देणार नाही.) तिसऱ्या दिवशी त्याची टाळू खोल गेली, तशी ती अण्णांवर खेकसली, "साऱ्या मुलखाला सुया पुरवता, आन् घरच्या पोराला एक न्हाई व्हय?"

"आये, ती सुई ह्याला लागू न्हाई पडायची. ती भिंतीवर काम करती."

भिंतीची गोष्ट मला पुढं कॉलेजात नीट कळली. जंतूच्या पेशीभोवती भिंत असते आणि तिचे सांधे जोडणारं एक एन्झाइम असतं, गवंडीच म्हणा ना. पेनिसिलिन त्या गवंड्याचा हातच जखडून टाकतं. सांधे राहतात, भिंत कमजोर होते, जंतू फुटतो. माणसाच्या पेशीला भिंतच नाही, म्हणून आपण वाचतो. ज्याला पेनिसिलिनचं वावडं आहे त्याची गोष्ट वेगळी. पण पोराच्या तोंडात होती बुरशी. तिची भिंत निराळ्याच मालाची, तिथं हा गवंडी कामालाच नाही.

अण्णा त्याला डॉक्टरकडं घेऊन गेले आणि पिवळ्या औषधाची बाटली घेऊन आले. हॅमायसिन. तेही एच. ए.चंच. तिथल्या डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून ते काढलेलं. त्या जीवाचं शास्त्रीय नावसुद्धा स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल असतं. हॅमायसिन नेमकं त्याला जाऊन धरतं, पडद्याला भोकं पडतात आणि आतले क्षार वाहून जातात. आपल्या पडद्यात त्याचा चुलतभाऊ, कोलेस्टेरॉल. त्याच्यावर औषधाची पकड ढिली, पण अगदीच नाही असं नाही. म्हणून ते वरून लावण्यापुरतंच राहिलं. रक्तात सोडण्याजोगं झालं नाही.

आई कापसाच्या बोळ्यानं ते तोंडात फिरवायची. चौथ्या दिवशी पोर पोटभर प्यालं आणि पदराखालीच झोपलं. हे औषध आपल्याच मातीतलं, असं अण्णांनी सांगितल्यावर आजी गप्प बसली. मग म्हणाली, "माती कुणाच्या वावरातली घेतली?"

ते अण्णांना ठाऊक नव्हतं.