एक गेलं म्हणजे झालं नाही!

मैत्रिणींनो, नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलात, कामठी आणि कन्हान मागे टाकलंत, की मनसरजवळ उजव्या हाताला रामटेकचा गड दिसू लागतो. बहुतेकजणी तिथेच वळतात. रामाचं दर्शन घ्यायचं, खिंडसी तलावावर नावेतून एक फेरी मारायची आणि दिवेलागणीला घरी. मी मात्र सरळ पुढे जाते, कारण माझं सासर पुढे आहे. देवलापारच्या अलीकडे हमरस्ता सोडायचा आणि सात-आठ किलोमीटर आत शिरायचं. लग्नाला बारा वर्षं झाली. ह्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी ह्या वाटेनं किती वेळा गेले असेन त्याची मोजदाद नाही.

वाट फार देखणी आहे हो! दोन्ही बाजूंना साग, मधूनमधून मोह आणि तेंदू, माघ-फाल्गुनात पळस असा पेटलेला असतो की मागे बसलेल्या माणसाला बोलायचं भान राहू नये. डाव्या अंगाला पेंचचं जंगल. १९७५ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९९ मध्ये व्याघ्रप्रकल्प. लोक दूरदूरहून वाघ बघायला येतात. आम्हाला बारा वर्षांत वाघ एकदाही दिसला नाही. दिसली ती चितळं. कळपच्या कळप! लग्नानंतर पहिल्यांदा मी ती पाहिली तेव्हा ह्यांना गाडी थांबवायला लावली होती, आणि हे हसले होते. इकडच्या माणसांना चितळाचं काय कौतुक? आपल्याकडे गल्लीत शेळ्या दिसाव्यात तसं ते.

हमरस्त्याची गोष्ट निराळी. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा तो ४४ क्रमांकाचा महामार्ग. रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा जनावरांचं काय, असा प्रश्न निघाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी मनसर ते खवासा ह्या पट्ट्यात नऊ ठिकाणी रस्ताच वर उचलला. गाड्या वरून, जनावरं खालून. काही पूल पन्नास मीटरचे, सगळ्यात मोठा चांगला ७५० मीटर लांब. दिव्यांचा झोत आणि हॉर्नचा आवाज खाली जाऊ नये म्हणून कडेला उंच आडोसे उभे केले आहेत. सुरुवातीला मला वाटायचं, जनावरांना काय कळणार हा पूल आपल्यासाठी आहे ते! पण २०१९ मध्ये तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींचे प्राणी खालून जाताना दिसले. चितळं होती, रानडुकरं होती, वाघसुद्धा होते. जनावरं शिकली. माणसानंच शिकायचं राहिलं म्हणायचं.

पण आपलं सासर-माहेर हमरस्त्यावर थोडंच असतं? आमचा फाटा लागला की पूल नाही, आडोसा नाही, दिवा नाही. एकेरी डांबरी रस्ता, एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला शेतं. चितळाला दिवसभर लपायला जंगल लागतं आणि संध्याकाळी चरायला शेत. मध्ये रस्ता. मग ते रस्ता ओलांडणार नाही तर काय करणार? हिवाळ्यात हरभरा आणि गहू उभा असतो तेव्हा तर रोजचंच. चैत्राच्या सुमाराला मोहाची फुलं झडतात, ती वेचायला बायका पहाटे टोपल्या घेऊन निघतात आणि त्यांच्याआधी चितळं येऊन गेलेली असतात. उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण. शिवाय शेतात माणसं जागलीला असतात. डबा वाजवून, बॅटरी मारून, कुत्री सोडून ती कळपाला हुसकतात. हुसकलेलं जनावर बघत नाही, धावत सुटतं आणि थेट रस्त्यावर येतं.

हे सगळं आज मी शहाण्यासारखं सांगते आहे. त्या दिवशी ह्यातलं काही डोक्यात नव्हतं.

२०२३ ची संक्रांत रविवारी आली होती. सासूबाईंनी हळदीकुंकू घरीच ठेवलं होतं, अर्ध्या गावातल्या बायका आल्या. पाच वाजून गेले तरी येणाऱ्यांची रीघ थांबेना. सासूबाई म्हणाल्या, “राहा आता. उद्या सकाळी जा.” मला दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती. अर्ध्या वेळेची नोकरी असली तरी हजेरी पूर्णच द्यावी लागते! मीच ह्यांच्यामागे निघायची घाई केली, हे कबूल करते. निघेपर्यंत सूर्य बुडाला होता. मी साडीत, एका बाजूला पाय सोडून बसलेली. मांडीवर वाणाची पिशवी, अंबाड्यावर गजरा, डोक्याला शाल. हेल्मेट एकच, ते ह्यांच्या डोक्यावर.

गावाबाहेर दोन-तीन किलोमीटर आलो असू. डावीकडच्या झाडीतून एक चितळ आलं, रस्त्याच्या मधोमध क्षणभर थबकलं आणि उजवीकडे हरभऱ्यात उतरलं. ह्यांनी वेग कमी केला होता. “गेलं,” म्हणाले आणि पुन्हा वाढवला. त्याच क्षणी दुसरं आलं. मला ते दिसलंही नाही. पुढच्या चाकाशी काहीतरी आदळल्याचा आवाज झाला, आणि मग मी रस्त्यावर होते. चारी बाजूंना तिळगूळ सांडलेला.

ह्यांचं खांद्याजवळचं हाड मोडलं, ते हासळीचं. माझ्या कपाळाला सात टाके पडले. कोपराची सालटी निघाली, त्याचं काही नाही. मादी होती ती. मागचे पाय निकामी झाले होते. कडेच्या गवतात पडून नुसती मान वर करायची आणि खाली टाकायची. मला उठवत नव्हतं, आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

शेतातून एक म्हातारे जागले बॅटरी घेऊन धावत आले. त्यांनीच १०८ ला फोन लावायला लावला, आपलं मुंडासं सोडून माझ्या कपाळावर दाबून धरलं. ह्यांना म्हणाले, “काहून घाई केली भाऊ? एक गेलं म्हणजे झालं नाही. एक गेलं म्हणजे आता बाकीचे येऊन राहिले, असं समजाचं.”

मैत्रिणींनो, साऱ्या लेखात लक्षात ठेवण्यासारखं वाक्य हेच, आणि ते माझं नाही. चितळ एकटं फिरणारं जनावर नव्हे. कळपातलं पहिलं रस्ता ओलांडतं, मागची आडोशाला उभी राहून बघतात, आणि पुढचं आपल्यापासून फार लांब गेलं असं वाटलं की एकामागून एक झेप घेतात. त्यांना गाडीपेक्षा मागे एकटं पडण्याची भीती जास्त. आणि आपण नेमका तेव्हाच सुस्कारा सोडून वेग वाढवलेला असतो.

आम्ही रुग्णवाहिकेत बसेपर्यंत ती मादी गेली होती. तिथे जमलेल्या दोघा-तिघा पोरांची काहीतरी कुजबुज चालली होती, तेव्हा म्हाताऱ्यानं त्यांना दरडावलं. ते बरोबरच होतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे असं मेलेलं जनावरही सरकारचं असतं. ते उचलून न्यायचं नसतं, आणि ४८ तासांच्या आत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवायचं असतं. आमच्या बाजूनं त्यांनीच कळवलं. वनखात्याचा १९२६ हा फोन क्रमांक मला तेव्हा ठाऊक नव्हता. आता तो आमच्या फ्रिजवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी चिकटवलेला आहे.

पुढचे दोन महिने हे गळ्यात पट्टा अडकवून घरी होते. हळूच तर होतो, असं पुन्हा पुन्हा म्हणत. हळू म्हणजे किती? साठ असेल, म्हणाले. मी शाळेत मराठी शिकवते, गणिताशी माझं कधी पटलं नाही, म्हणून बारावीतल्या भाच्याला बसवून हिशेब करवला. ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. डोळ्यांनी बघून हाता-पायानं ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद तर जातोच. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही गाडी उभी राहायला आणखी वीस-बावीस मीटर. एकूण चाळीस मीटर! माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्यानंच साडीत सांगितलं. साडेपाच मीटरच्या सात साड्या एकीपुढे एक अंथरल्या तर होईल तेवढं. आणि तीसचा वेग असेल तर? तीन साड्यासुद्धा पुऱ्या लागत नाहीत. मोटारसायकलचा दिवा खाली टाकलेला असला तर सात साड्यांपलीकडचं नीट दिसत नाही, आणि चितळ तर कडेच्या अंधारातून येतं, समोरून नाही. त्यानं आपल्याकडे बघितलं तर डोळे चमकतात. बघितलंच नाही, तर चमकायचं काय?

पूर्ण वाढलेला चितळ नर सत्तर-ऐंशी किलोंचा असतो. रोही, म्हणजे नीलगाय, दोनशेच्याही वर. गायीसारखं नाव असलं आणि आपण सरसकट हरणांत धरत असलो तरी ते हरिण नव्हे. पण रस्त्यात आडवं आलं तर हा फरक कोण बघतो! मोटारीच्या माणसाला पत्र्याचा तरी आधार. दोनचाकीवरच्यांना काय आहे? म्हणून जाणते लोक सांगतात की जनावर समोर आलं तर गाडी झटकन वळवू नका. वळवली की झाडावर, नाही तर समोरच्या ट्रकवर. सरळ रेषेत दोन्ही ब्रेक दाबा. लांबून दिसलं तर दिवा खाली करा, कारण डोळ्यांवर झोत आला की ते खिळून उभं राहतं. आणि मग थांबाच. पूर्ण थांबा.

ही झाली चालवणाऱ्याची गोष्ट. आपली, मागे बसणारीची, कुणी सांगत नाही म्हणून सांगते. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही आहे, चार वर्षांवरच्या मुलांनाही. मला ते माहीत होतं का? होतं. पण अंबाडा विसकटतो, गजरा चुरगळतो, आणि गावात हेल्मेट घालून उतरलं तर जावा हसतील! आता मी खाली सैल वेणी घालते, त्यावर हेल्मेट नीट बसतं. गजरा पिशवीत डब्यात ठेवते आणि पोचल्यावर माळते. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं आणि पट्टा आवळलेला, नाही तर पडताना ते डोक्याआधी उडून जायचं. चाकावरची साडीची जाळी पदर वाचवते, माणूस नाही. एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई जरासा धक्का बसला की पहिली पडते, शिवाय तिच्या मांडीवर पिशवी नाही तर मूल.

दोन्हीकडे पाय टाकून बसण्याची माझी हिंमत नव्हती. सासरच्या वेशीपर्यंत पंजाबी ड्रेस, तोही कसा? तर मैत्रिणींनो, गंमत बघा. टाके काढल्यावर पहिल्यांदा गावी गेले तेव्हा सासूबाईंनी माझ्या कपाळावरून हात फिरवला, “तरी सांगत होते,” एवढंसुद्धा म्हणाल्या नाहीत. निघताना मात्र पुढ्यात उभ्या राहिल्या. “ड्रेस घालून ये पुढच्या वेळेस. पाय दोन्हीकडं टाकून बस. लुगडं इथं आल्यावर नेस.” शेजारच्या काकू ओसरीवरून ऐकत होत्या, तरी मोठ्यानं म्हणाल्या.

एक भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. ह्यांचं म्हणणं, रस्त्यावर दिवे लावायला हवेत. मला तसं वाटत नाही. आमच्याकडचं पेंच २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. सिल्लारीच्या बाजूच्या गावांतले दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवला, म्हणजे आकाश काळं राहावं आणि तारे दिसावेत. माझ्या मुलीनं तिथे आकाशगंगा पाहिली, नागपुरात ती कधी दिसायची? तो अंधार चितळांचाही आहे. तो उजळत बसण्यापेक्षा आपणच अंधारात निघू नये, असं मला वाटतं. हे म्हणतात, बाळंतीण असेल, आजारी असेल, तर काय सकाळची वाट बघायची? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मग निघायचं, पण तीसनं.

आम्ही आता गावी गेलो की मुक्कामच करतो. शाळेत रजा टाकते, पगार कापला तर कापू दे. सकाळीही फटफटताना निघत नाही, ती वेळ चितळांची. ऊन नीट वर येऊ देतो.

ह्या होळीला असेच परत येत होतो. आठ वाजून गेले असतील. मोहाखाली पिवळसर फुलांचा सडा पडला होता. डावीकडून एक चितळ आलं आणि डौलात रस्ता ओलांडून गेलं. ह्यांनी गाडी थांबवली, चावी फिरवून बंदच केली. दोघंही गप्प. दुसरं आलं. तिसरं, चौथं. मग बराच वेळ कुणी नाही. ह्यांचा हात चावीकडे गेला, तशी मी पाठीवर बोट टेकवलं. झाडीत काहीतरी हललं आणि एक पाडस आलं, डांबरावर घसरलं, सावरलं आणि आईच्या मागे पळालं.

“आता झालं,” हे म्हणाले.

“थांबा की जरा,” मी म्हटलं.