एल्बेबाई

एल्बेबाईंना भेटायचं असेल तर ड्रेस्डेनला जाऊ नका. तिथे त्या भेटतात, पण मागे राजवाडे, घुमट, पूल असा लवाजमा आणि पुढे कॅमेऱ्यांची रांग. लग्नमंडपात कुणाची ओळख व्हावी, तेवढीच ती ओळख. बाई मोकळेपणी भेटतात त्या पुढे, टॉर्गाऊपासून खाली. चेक देशातल्या क्रकोनोशे डोंगरातून निघून हॅम्बर्गच्या पलीकडे उत्तर समुद्राला मिळेपर्यंत त्या सुमारे 1,100 किलोमीटर चालतात. त्यातले डोंगर, कडे, घळी हे सगळं टॉर्गाऊच्या आधीच मागे पडतं. पुढे सपाट मुलूख लागतो. नजर पोचेल तिथवर कुरणं, त्यात एकेकटे उभे असलेले जुने ओक, मातीचा लांबलचक बांध आणि क्षितिजावर एखादा मनोरा. इथे चालायला गुडघे भक्कम असण्याची गरज नाही. चढ आला तर बांधावर चढण्यापुरता. वयाची सत्तरी गाठलेल्या माणसानेही सकाळी न्याहारी करून निघावं आणि संध्याकाळी पुढच्या गावात जेवायला बसावं, असा हा रस्ता.

बाईंचा पहिला गुण म्हणजे मानी स्वभाव. चेक सीमा ओलांडल्यापासून हॅम्बर्गजवळच्या गेस्टहाख्टपर्यंत, म्हणजे जवळजवळ 600 किलोमीटर, त्यांच्या वाटेत एकही बंधारा नाही. युरोपातल्या एवढ्या मोठ्या नदीच्या बाबतीत ही गोष्ट दुर्मीळ आहे. माणसांनी काठावरून पात्रात दगडी सोंडा घातल्या, प्रवाह मध्यभागी लोटला, बोटींना खोली मिळावी म्हणून नाना खटपटी केल्या. पण अडवणं जमलं नाही. त्यामुळे पाणी किती असेल, हे बाई ठरवतात. कोरड्या उन्हाळ्यात त्या इतक्या रोडावतात की मालवाहू बोटी जागच्या जागी थांबतात आणि माग्डेबुर्गला कॅथेड्रलखालचे खडक पात्रातून वर येतात. दगडी सोंडांच्या मधल्या खोबणीत पांढरी वाळू उघडी पडते, तिच्यावर बगळ्यांच्या पावलांची नक्षी उमटते. चार महिन्यांनी त्याच जागी माणूस बुडेल एवढं पाणी असतं.

दुसरं म्हणजे बाईंना सलगी खपत नाही. इथली जुनी शहरं बघा. टॉर्गाऊचा हार्टेनफेल्स किल्ला खडकावर उभा आहे. टांगरम्युंडे उंचवट्यावर, विटेनबर्ग काठापासून चार पावलं मागे. शतकानुशतकं शेजार केलेल्या माणसांनी हे अंतर राखलं आहे. चालणाऱ्याला त्याचा फायदाच होतो. विटेनबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चचा 88 मीटर उंच मनोरा कुरणांपलीकडे आधी बोटाएवढा दिसतो, मग बांधाच्या वळणावर नाहीसा होतो, पुन्हा उगवतो, आणि तास-दीड तास असा खेळ झाल्यावर गाव येतं. आगगाडीने आलेल्याला गाव असं हळूहळू मिळत नाही.

गावातही फार धावपळ नाही. एका लांब रस्त्याच्या एका टोकाला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांचं घर, दुसऱ्या टोकाला ते चर्च, आणि रस्त्याच्या कडेने वाहणारा उघडा ओहोळ. 1517 मध्ये ल्यूथर यांनी आपली 95 प्रमेयं ज्या दारावर लावली असं सांगतात, ते दार 18व्या शतकातल्या युद्धात जळालं. आज दिसतं ते 1858 चं ब्राँझचं दार, त्यावर ती प्रमेयं कोरलेली आहेत. दार बघून झालं की ल्यूथर यांच्या पत्नी काटारीना फॉन बोरा यांची आठवण ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. मोठं घर, पाहुणे, विद्यार्थी, शेती, बिअर गाळणं हे सगळं त्या बाईने सांभाळलं. 1552 मध्ये विटेनबर्गला प्लेगची साथ आली म्हणून त्या टॉर्गाऊकडे निघाल्या. वाटेत गाडीला अपघात झाला आणि टॉर्गाऊतच त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी तिथल्या मारिया चर्चमध्ये आहे. म्हणून टॉर्गाऊला जाल तेव्हा किल्ल्यातला मधल्या खांबाशिवाय उभा असलेला गोल जिना बघाच, खंदकातली अस्वलंही बघा, पण आधी त्या चर्चमध्ये जा.

बाईंशी जमवून घ्यायचं कसं, हे कुणाकडून शिकायचं असेल तर कॉसविगच्या तरीवाल्याकडून शिकावं. त्याच्या तरीला पैलतीरी जायला इंजिन लागत नाही. वरच्या अंगाला, बऱ्याच लांब, पात्राच्या मधोमध एक लोखंडी दोर नांगरलेला आहे. दोर पाण्यात बुडू नये म्हणून त्याला ठरावीक अंतराने तरंगते आधार दिले आहेत. त्या दोराला बांधलेली तर म्हणजे एक रुंद फळी, दोन मोटारी, पाच-सात सायकली आणि आपल्यासारखे चालणारे. तरीवाला एका बाजूचा दोर थोडा आवळतो, तर प्रवाहाला तिरकी उभी राहते, पाणी तिच्या कुशीला रेटतं आणि ती आपोआप पलीकडे सरकू लागते. घरघर नाही, धूर नाही. फळ्यांखालून पाण्याची खळखळ ऐकू येते, दोर मधूनच करकरतो. परत येताना दुसऱ्या बाजूचा दोर आवळला की झालं. बाईंशी झुंज न घेता त्यांच्याच जोरावर त्यांना ओलांडायची ही युक्ती. अशा तरी एल्बेवर अजूनही बऱ्याच ठिकाणी आहेत. बाई फार चढल्या किंवा फार उतरल्या तर मात्र तर बंद. मग पूल गाठायला अख्खा दिवस जातो, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी.

पलीकडे उतरून तासाभराच्या चालीवर वोर्लिट्झ आहे. इथे बाईंना एक खरा कदरदान लाभला होता. आनहाल्ट-डेसाऊचा राजा लिओपोल्ड फ्रान्झ (1740–1817) आपल्या छोट्याशा राज्यावर समाधानी होता. इंग्लंड, इटली हिंडून आला आणि बाईंच्या जुन्या, सोडून दिलेल्या पात्रातल्या तळ्याभोवती त्याने बाग केली. तिला त्याने कुंपण घातलं नाही. पहिल्यापासून ती कुणालाही खुली होती. पूर अडवणारा बांध त्याला टाळता येत नव्हता, म्हणून त्याने बांधच बागेत घेतला. त्याच्यावर फिरायची वाट आखली आणि पुराच्या पहारेकऱ्यांसाठी ठिकठिकाणी छोटी घरं बांधली, प्रत्येक घर वेगळ्या घाटाचं. सपाट मुलखात डोंगर नाही, याची मात्र त्याला रुखरुख होती. व्हेसुव्हियस पाहून आलेला हा राजा शेवटी तळ्यातल्या बेटावर दगडांचा ज्वालामुखी बांधून बसला. आजही खास प्रसंगी तो पेटवतात. हा हौशीपणा मला फार आवडतो, कारण त्यात बडेजाव नाही, नुसता आनंद आहे.

या बागेत आपल्या ओळखीचंही एक नाव भेटतं. कॅप्टन कुकबरोबर पॅसिफिक महासागर हिंडून आलेल्या गेऑर्ग फॉर्स्टर या तरुणाने 1775 मध्ये लंडनला राजाला तिकडच्या वस्तू भेट दिल्या. त्या ठेवायला राजाने वोर्लिट्झमध्ये एक मंडप उभारला. याच फॉर्स्टरने पुढे 1791 मध्ये विल्यम जोन्स यांच्या इंग्रजी भाषांतरावरून कालिदासाचं शाकुंतल जर्मनमध्ये नेलं आणि गटेसकट सगळा जर्मनी त्या नाटकावर लुब्ध झाला. तळ्याच्या काठी राजाने 1790 मध्ये ज्यूंसाठी गोल आकाराचं प्रार्थनामंदिर बांधून दिलं. नोव्हेंबर 1938 मध्ये नाझींनी देशभर अशी मंदिरं जाळली, तेव्हा बागांचे प्रमुख हान्स हालरफोर्डन आडवे आले. त्यांची नोकरी गेली, मंदिर वाचलं. बागेत आलेल्यांपैकी पुष्कळ जण नावेत बसून ज्वालामुखी बघतात आणि परततात. तुम्ही त्या गोल इमारतीपाशी थांबा.

डेसाऊच्या बाउहाउस या कलाशाळेवर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, त्यावर इथे काही सांगत नाही. चालणाऱ्याच्या कामाची जागा म्हणजे थेट बांधावर असलेलं कॉर्नहाउस, 1930 मधलं उपाहारगृह. त्याच्या अर्धगोल काचेच्या दालनात बसलं की बाई समोरून वळताना दिसतात. तिथल्या आसपासच्या जंगलांत बीव्हर राहतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्बेचे बीव्हर जेमतेम काहीशे उरले होते, तेही याच मधल्या पट्ट्यात. बाकी जग त्यांची शिकार करत होतं तेव्हा बाईंनी त्यांना आसरा दिला. आज संध्याकाळी काठाने चाललं तर कुरतडून निमुळते केलेले बुंधे आणि खाली पडलेल्या ताज्या ढलप्या हमखास दिसतात. बीव्हर स्वतः दिसायला नशीब लागतं.

आता रागाबद्दल. बाई चटकन रागावत नाहीत, पण रागावल्या की कुणाची भीड ठेवत नाहीत. ऑगस्ट 2002 मध्ये ड्रेस्डेनच्या मोजपट्टीवर त्या 9.40 मीटरवर गेल्या. एरवी तिथे दोन मीटरच्या आसपास पाणी असतं. शतकातून एकदा येणारा पूर, असं म्हणून लोकांनी घरं पुन्हा रंगवली. अकराव्या वर्षी, जून 2013 मध्ये, त्या परत आल्या आणि माग्डेबुर्गला आदल्या सगळ्या नोंदी मागे टाकल्या. टांगरम्युंडेसमोर फिशबेकला 10 जूनला बांध फुटला. भगदाडातून पाणी शेतांवर, गावांवर पसरत गेलं. बर्लिन-हानोफर हा वेगवान गाड्यांचा लोहमार्ग काही महिने बंद राहिला. वाळूच्या पोत्यांनी भगदाड बुजेना, तेव्हा सैन्याने तीन बार्ज आणून स्फोटकांनी त्या तिथेच बुडवल्या. नदीवर चालणाऱ्या बोटींनी नदी अडवायची वेळ आली.

यावर बाईंना दोष द्यायला मी तयार नाही. पूरपट्टा त्यांचा होता. शेतीसाठी, गावांसाठी तो आपण बांध घालून बळकावला, आणि जागा कमी पडली की पाणी उंच चढणारच. हे आता तिथल्या लोकांनाही पटू लागलं आहे. लेन्झेनजवळ जुन्या बांधाला खिंडारं पाडून नवा बांध मागे घेतला आणि 420 हेक्टर जमीन नदीला परत दिली. लोडेरिट्झच्या जंगलातही तेच केलं. मला हे या नदीवरचं सगळ्यांत शहाणपणाचं काम वाटतं. पूर आला की पाणी तिथे पसरतं, ओसरलं की चिखलात बेडूक, बेडकांमागे करकोचे. खालच्या अंगाच्या र्यूश्टेट गावात उन्हाळ्यात छपराछपरावर करकोच्यांची घरटी असतात आणि चोचींची टकटक गल्लीभर ऐकू येते.

माणसांच्या भांडणात बाई पडल्या नाहीत. 25 एप्रिल 1945 ला टॉर्गाऊजवळ अमेरिकन आणि सोव्हिएत सैनिक त्यांच्याच काठी एकमेकांना भेटले. पुढे काही वर्षांतच त्या दोघांच्या गटांनी खालच्या बाजूला 94 किलोमीटर नदीची सरहद्द केली. सरहद्द पात्राच्या मध्यावर की पूर्व काठावर, हा वाद दोन्ही जर्मनींना शेवटपर्यंत सोडवता आला नाही. पूर्वेकडच्या बांधावर कुंपण उभं राहिलं आणि काठच्याच गावकऱ्यांना नदी बघायला मिळेना. आज त्या बांधावर सायकली आणि चालणारे. डोमिट्झला 1945 मध्ये तुटलेला रेल्वेपूल पश्चिम काठावर तसाच अर्धा उभा आहे.

बाईंना नटायची हौसही आहे, आणि ती टांगरम्युंडेला दिसते. चौदाव्या शतकात सम्राट चौथा कार्ल प्राग सोडून इथे येऊन राहायचा. गाव लाल विटांचं, तट लाल विटांचा, आणि 1430 च्या सुमाराचा टाऊन हॉल तर विटांची जाळी. त्याच्या दर्शनी भिंतीतल्या गोल नक्षीतून पलीकडचं आकाश दिसतं. दगड या मुलखात मिळत नाही, म्हणून लोकांनी नदीकाठची माती भाजली आणि तिच्यातून ही कलाकुसर काढली. 1617 च्या आगीत गाव जळालं, पुढे भरभराट दुसरीकडे गेली, म्हणून जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसा उरला नाही आणि गाव राहिलं. सूर्य कलल्यावर समोरच्या काठावरून ते बघावं, फिशबेकच्या बाजूने.

बर्लिनला तुमचं कुणी असेल आणि तुम्ही त्यांच्याकडे उतरणार असाल तर दोन-तीन दिवस बाईंसाठी राखून ठेवा. बर्लिनहून विटेनबर्ग आगगाडीने तासाच्या आत येतं. मे-जूनमध्ये जा, कुरणं फुललेली असतात. निघण्यापूर्वी पाण्याची पातळी बघा, तर चालू आहे का विचारा. आणि बांधावर मेंढ्या चरत असतील तर त्यांना हुसकू नका. त्यांच्या खुरांनी बांधाची माती घट्ट बसते आणि खुडलेल्या गवताची मुळं ती धरून ठेवतात. त्यांच्यातून सावकाश जा आणि मागे फाटक लावून घ्या.