चाळिशीतलं गणित

मंडळी, आपल्याकडे हौशी माणसांची वाण नाही. कुणी नाटक बसवतं, कुणी ढोल-ताशाचं पथक उभं करतं, कुणी ४५ अंशांच्या उन्हात बाल्कनीतला कढीपत्ता जगवून दाखवतं. मला हौस आहे गणित शिकण्याची. हे सांगितलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला, "मुलीची बारावी आहे वाटतं?" नाही हो, माझ्या स्वतःसाठीच शिकतोय!

अदलियातलं आमचं घर रेस्टॉरंटच्या गल्लीजवळ आहे. गुरुवारी रात्री उशिरापर्यंत तिथं गजबज असते, त्यामुळे शुक्रवारी सकाळी सगळं कसं शांत. ते दोन तास माझे आणि वहीचे. गेली चार वर्षं हा क्रम चालू आहे.

आता हे खूळ डोक्यात आलं कुठून? बावीस वर्षं आयटीत काढली. इंग्लंडला जाऊन मास्टर्स केलं. तिथं शिकलेल्या अर्ध्याअधिक गोष्टींना आज कुणी विचारत नाही, आणि आता तर कोडही यंत्रच लिहू लागलंय. आखातात नोकरी गेली की पाठोपाठ व्हिसाचा प्रश्न उभा राहतो, त्यामुळे 'आपल्याला येतं ते किती दिवस चालणार?' ही काळजी आपल्याला जरा जास्तच. म्हटलं, न शिळं होणारं काहीतरी शिकू या.

सुरुवात केली मोजण्यापासून. शक्यतेचं गणित म्हणजे शेवटी नीट मोजणंच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (सन ११५०) एक झकास उदाहरण आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती प्रकारे देता येतील? ४ × ३ × २ × १ म्हणजे २४. संध्येतली केशव, नारायण, माधव ही नावंही चोवीसच, आणि मूर्तिशास्त्रात त्या प्रत्येकाच्या हातांतला आयुधांचा क्रम वेगळा! त्याच उदाहरणात दहा हातांच्या शंकराची दहा आयुधंही आहेत. त्याचं उत्तर ३६,२८,८००. सहा हात वाढले आणि उत्तर कुठल्या कुठे गेलं. चाळीसगावजवळच्या पाटण इथं भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची ती नोंद. आपल्या मातीत गणिताच्या शिकवणीची परंपरा अशी जुनी आहे.

हे मोजणं कामाला आलं ते दोन वर्षांपूर्वी. सांगलीहून आईचा फोन आला. एका चाचणीत 'संशय' निघाला होता आणि पुढच्या तपासणीला आठ दिवस होते. परदेशात राहणाऱ्यांना तो फोन कसा असतो ते वेगळं सांगायला नको. मी रात्री वही घेऊन बसलो. समजा, आईसारख्या हजार बायकांची चाचणी केली आणि त्यांतल्या दहा जणींना खरोखर आजार आहे. चाचणी त्या दहांतल्या नऊ जणींना पकडते. पण उरलेल्या ९९० निरोगी बायकांतही ती शेकडा नऊ जणींवर उगीच संशय घेते, म्हणजे सुमारे ८९. संशय आलेल्या एकूण ९८, आणि खरी आजारी त्यांतल्या फक्त ९! अकरा जणींत जेमतेम एक. आकडे समजण्यापुरतेच होते, प्रत्येक आजाराचे आणि चाचणीचे आकडे वेगळे असतात. पण चाचणी चांगली असली आणि आजार विरळ असला की हे असंच होतं.

आईला फोनवर सूत्र नाही सांगितलं, या हजार बायका सांगितल्या. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे अकरांत एक. मग उद्या भिशीला जाते. तपासणी काही टाळत नाही." पुढची तपासणी चांगली निघाली. तशी निघाली नसती, तरी त्या रात्रीचा हिशोब चुकीचा ठरला नसता. शक्यता म्हणजे भविष्य नव्हे. आज हाती आहे तेवढ्या माहितीवर किती घाबरायचं, एवढंच ती सांगते. त्या आठ दिवसांत आम्हा दोघांना तेवढंच हवं होतं.

पुढची पायरी आधुनिक बीजगणिताची. तिथं संख्यांपेक्षा त्यांच्या वागण्याला महत्त्व. आपण घरी पैसे पाठवतो ते घ्या. हिशोबाला सोपा म्हणून दर धरू २०० रुपये. १०० आणि ५० दिनार आधी मिळवून मग रुपये केले काय, किंवा आधी रुपये करून मग मिळवले काय, ३०,००० च येणार. बेरीज सांभाळणाऱ्या अशा रूपांतराला होमोमॉर्फिझम म्हणतात. आता दर वेळी १ दिनार फी लावा. एकदम पाठवले तर २९,८०० पोचतात, दोनदा पाठवले तर २९,६००. रूपांतर बिघडलं! आणि हा उद्योग या बेटाला नवा नाही. चार हजार वर्षांपूर्वी बहरीन 'दिलमुन' होतं. तेव्हा ऊर शहरातल्या मातीच्या पाट्यांवर तांब्याचं वजन दिलमुनच्या मापातून ऊरच्या मापात बदलून लिहिलेलं सापडतं.

आणि मग आली कॅटेगरी थिअरी. १९४५ साली सॅम्युएल आयलेनबर्ग आणि सॉन्डर्स मॅक्लेन या दोघांनी ती मांडली. तिचं म्हणणं, वस्तूच्या पोटात काय आहे ते सोडा, तिचे इतरांशी संबंध बघा. संबंध म्हणजे बाण, आणि एका बाणापुढे दुसरा जोडता आला पाहिजे. पुस्तकात हे वाचून डोकं गरगरलं, पण खरं तर आपल्या लग्नघरात हेच चालतं. "हा कोण?" "अहो, आपल्या कुसुमआत्याच्या जावेचा नातू!" माणूस कळतो तो नात्यांवरून. 'आई' या बाणापुढे 'भाऊ' जोडला की 'मामा'. वडिलांच्या आईचा भाऊ घ्या. आजीचा भाऊ म्हणा की वडिलांचा मामा म्हणा, माणूस तोच. कंस कुठेही घाला, उत्तर बदलत नाही, हा त्या शास्त्राचा पायाभूत नियम. आणि आपली मुलं काका, मामा, आत्याचे यजमान अशा सगळ्यांना 'अंकल' म्हणतात, तेव्हा रूपांतरात माहिती गळते. नुसत्या 'अंकल'वरून परत मामापर्यंत पोचता येत नाही! हे मुलीला सांगितलं, तर तिनं हसत हसत 'मामेसासरे' म्हणजे नक्की कोण ते विचारून घेतलं.

इतकं अमूर्त हवंच का, ही शंका मोठमोठ्यांनाही होती. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात अनेक वर्षं शिकवणारे, १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन करणारे श्रीराम अभ्यंकर (१९३०–२०१२) शाळेतल्या बीजगणिताच्या ताकदीचे कट्टर पुरस्कर्ते होते. अमूर्ताच्या लाटेत हाताने करायचा हिशोब मागे पडू नये, असा त्यांचा आग्रह. मला विचाराल तर वर चढावं, पण उतरून पुन्हा दिनार, मामा आणि हजार बायकांपर्यंत येता आलं पाहिजे. जिथून उतरता येत नाही, ती पायरी अजून समजली नाही असं मी धरतो. 'ॲडजॉइंट फंक्टर' नावाच्या पायरीवर सध्या सहा महिने मुक्काम आहे!

याने नोकरी टिकेल का? ठाऊक नाही. पण बावीस वर्षांत पहिल्यांदाच असं काही शिकतोय, जे पुढच्या आवृत्तीत रद्द होणार नाही. आपल्यापैकी कुणाला रस असेल तर जरूर या. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता, येताना वही आणि पेन्सिल आणा. वयाची अट नाही, बारावीचे मार्क विचारले जाणार नाहीत. चहा आणि पोहे आमच्याकडे!